बायपासमध्ये नळी कुठली लावतात? घरच्यांनी विचारायला हवं असं

बायपास म्हटलं की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो, दुसरा कुठे करायची हा. नळी कुठली लावणार, हे फार कमी लोक विचारतात. खरं तर ऑपरेशन किती वर्षं टिकणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

हृदयाच्या धमनीत ब्लॉकेज असेल तर त्याच्या पुढे दुसरी रक्तवाहिनी जोडून रक्ताला नवी वाट देतात. हिला ग्राफ्ट म्हणतात. ती पेशंटच्याच शरीरातून घेतात. आपल्याकडे बुजुर्ग हमखास विचारतात, ‘जनावराचं काही बसवतात का?’ तो सवाल व्हॉल्व्हच्या ऑपरेशनचा आहे, बायपासचा नाही.

पायातली लांब शीर वापरण्याची पद्धत 1967 पासून क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी रुजवली. शीर काढायला सोपी, लांबीही भरपूर. पण ती कमी दाबासाठी बनलेली असते. धमनीचा दाब पडला की तिची भिंत जाड होत जाते, आणि दहा वर्षांत जवळपास निम्मे ग्राफ्ट बंद पडतात किंवा खराब होतात.

छातीच्या हाडामागची डावी मॅमरी धमनी मात्र वेगळीच चीज आहे. तिच्यात चरबी सहसा साचत नाही आणि दहा वर्षांनंतरही 90 टक्क्यांहून जास्त ग्राफ्ट चालू असतात. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, म्हणजे एलएडीला, ती जोडल्याने पेशंट जास्त जगतात, हे 1986 मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी दाखवलं. आज यावर फारसा वाद नाही.

वाद आहे दुसऱ्या-तिसऱ्या नळीचा. उजवी मॅमरीही घेता येते. पण शुगर, लठ्ठपणा किंवा सिगारेट असेल तर दोन्ही काढल्यावर छातीची जखम चिघळण्याचा धोका वाढतो. 2019 साली आलेल्या ‘आर्ट’ या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनी एक मॅमरी आणि दोन मॅमरी या गटांच्या जगण्यात ठळक फरक दिसला नाही.

मनगटाची रेडियल धमनी हा चांगला पर्याय आहे, शिरेपेक्षा ती जास्त टिकते. आधी दुसरी धमनी पंजाला पुरेसं रक्त देते का, हे तपासतात. ब्लॉकेज मध्यम असेल तर रेडियल लावू नये. जुन्या वाटेनेच रक्त जात राहतं आणि नवी नळी आकसते. किडनीचा आजार असेल तर पुढे डायलिसिसला हात लागू शकतो. त्याच मनगटातून अँजिओग्राफी झालेली असेल तर तेही सर्जनला आवर्जून सांगा.

वय जास्त, तब्येत नाजूक असेल तर एक मॅमरी आणि बाकी शिरा, एवढंही पुष्कळ असतं. त्यात डॉक्टरांनी कमी काम केलं असं समजू नये.

एक गोष्ट घरी कुणी सांगत नाही. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. सजद्यात हातांवर भार येतो, म्हणून तोवर खुर्चीवर नमाज पढावी आणि पुढचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.