नगरचा पैसा कुणाचा? जकातीपासून जीएसटीच्या भरपाईपर्यंत

माझे आजोबा नगरच्या दाळमंडईत एका आडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या बोलण्यात 'जकात' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी यायचा. गाडी नाक्यावर अडकली, पावती चुकली, जकातीचा दर वाढला. आज नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, एकही जकात नाका चालू नाही. पण 'जुन्या जकात नाक्याजवळ' असा पत्ता महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात सांगा, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो.

मी मूळची संख्याशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी विषय घेतला तो मध्यम आकाराच्या शहरांच्या जमाखर्चाचा. 'म्हणजे नक्की काय करतेस?' असं घरचेही विचारतात, म्हणून आज एकच प्रश्न घेते. राज्य सरकार कराचा कायदा बदलतं, तेव्हा शहराच्या सभागृहात काय बदलतं? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. थेट १८४४ पर्यंत.

१८४४: छोटे कर गेले, मीठ महागलं

पेशवाई गेली तरी गावोगावचे जुने कर बरेच दिवस चालू होते. बाजारात माल आणला की कर, धंदा केला की मोहतर्फा. हे कर शेकडो प्रकारचे होते आणि गोळा करायला कटकटीचे. १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या शहरी जकाती आणि धंद्यांवरचे कर सरसकट रद्द झाले. व्यापाऱ्यांना बरं वाटलं असणार. पण सरकारला तूट भरून काढायची होती. त्यासाठी मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला गेला. सुरतेत त्यावरून दंगल झाली आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला.

हा नमुना लक्षात ठेवा. ठिकठिकाणचे छोटे कर काढायचे आणि त्यांच्या जागी वरून गोळा होणारा एक मोठा कर आणायचा. २०१७ मध्ये हेच पुन्हा घडलं, फक्त आकडे मोठे होते.

१८५४: नगरला नगरपालिका

जुने कर गेल्यावर शहरांची झाडलोट, दिवे, रस्ते कशातून करायचे? १८५० च्या २६ व्या कायद्याने वाट दिली. ज्या गावच्या रहिवाशांना हवं असेल तिथे नगरपालिका स्थापता येईल आणि ती घरांवर कर लावू शकेल किंवा शहरात येणाऱ्या मालावर जकात घेऊ शकेल. त्याआधी बंगालमध्ये फक्त थेट करांवर नगरपालिका चालवायचा प्रयत्न फसला होता. घरावरचा कर डोळ्यांना दिसतो. जकात मालाच्या किमतीत विरघळते, त्यामुळे देणाऱ्याला ती टोचत नाही.

नगरची नगरपालिका १८५४ ची. म्हणजे १८४४ मध्ये एका दाराने गेलेली जकात दहा-बारा वर्षांत इलाख्यातल्या शहरांत दुसऱ्या दाराने परत आली. फरक एवढाच, की आता ती सरकारी तिजोरीत न जाता गावातच राहायची आणि गावासाठीच खर्च व्हायची. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं मुंबई इलाख्यातल्या आणि नंतर महाराष्ट्रातल्या शहरांचा मोठा आधार जकात हाच होता.

जकात ही काही गरिबांची मैत्रीण नव्हती. १८७६ नंतर काही वर्षं जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. मंडईच्या भव्य इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला. (त्याच मंडईला पुढे त्यांचं नाव मिळालं!) 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही म्युनिसिपालिटीच्या जकातीचा भार शेतकऱ्याच्या मालावर कसा पडतो, यावर त्यांनी कोरडे ओढले आहेत. माझ्या विषयासाठी यातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. पैसा कुणाच्या गाडीतून आला आणि कशावर चालला, हे दोन्ही प्रश्न तेव्हा एकाच सभागृहात, एकाच दमात विचारता येत होते. कर ठरवणारे आणि खर्च ठरवणारे तेच होते.

नाका उठतो

जकातीचे तोटे खरे होते. ट्रकच्या रांगा, नाक्यावरची चिरीमिरी, ठेकेदारी आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना पुन्हा पुन्हा होणारी अडवणूक. जकात काढून टाका, असं सांगणाऱ्या समित्या स्वातंत्र्यानंतर अनेक झाल्या. १९६० च्या दशकात नेमलेली रस्ते वाहतूक कर चौकशीची केसकर समिती त्यातली एक. ऐकायला सगळे तयार होते, पण पर्याय कुणाकडे नव्हता.

१९९९ मध्ये राज्य सरकारने नगरपरिषदांची जकात रद्द केली. नगर तेव्हा नगरपरिषदच होतं, महापालिका झाली २००३ मध्ये. जकातीच्या बदल्यात राज्याने अनुदान सुरू केलं. इथे पहिल्यांदा अंदाजपत्रकातली ओळ एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली. 'कर' होता त्याचं 'अनुदान' झालं.

महापालिकांची कथा आणखी वळणाची आहे. २०१० मध्ये मीरा-भाईंदर, जळगाव आणि नांदेड-वाघाळा इथे स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१३ पर्यंत तो मुंबई सोडून बाकी महापालिकांत पोहोचला. नाका नाही, रांग नाही. व्यापाऱ्याने आपल्या वह्यांवरून हिशोब करून स्वतः भरायचा. कागदावर छान दिसतं. पण 'महापालिकेचा माणूस माझ्या दुकानात येऊन वह्या तपासणार' हे व्यापाऱ्यांना नको होतं. २०१३ च्या उन्हाळ्यात राज्यभर बाजारपेठा बंद राहिल्या. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला. म्हणजे बहुतेक सगळे सुटले. शहरांना पुन्हा राज्याचं अनुदान मिळू लागलं. त्याच्या जोडीला मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार होता.

मग १ जुलै २०१७. जीएसटी आला आणि मुंबईची जकात, इतर शहरांचा उरलेला एलबीटी, सगळंच संपलं. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२ क्रमांकाची नोंदच वगळली. स्थानिक क्षेत्रात वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर कर, अशी ती नोंद होती. १८४४ आणि २०१७ मधला मोठा फरक हाच आहे. तेव्हा सहा वर्षांत परतीचं दार उघडलं होतं. आता जकात परत आणायची तर राज्य सरकारच्याही हातात ते नाही. आधी घटना बदलावी लागेल.

आता थोडं गणित

महापालिकांच्या भरपाईसाठी राज्याने २०१७ मध्येच कायदा केला. सूत्र साधं आहे. २०१६-१७ हे आधारभूत वर्ष धरायचं आणि त्या वर्षीच्या उत्पन्नात दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ करायची. एखाद्या शहराचा २०१६-१७ चा आकडा १०० रुपये असेल, तर पुढच्या वर्षी १०८, मग ११६.६४ आणि २०२५-२६ मध्ये जवळजवळ २०० रुपये. नऊ वर्षांत दुप्पट.

वाईट सौदा नाही, हे आधी मान्य करू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाजार ठप्प होते. जकात असती तर नगरची तिजोरी त्या महिन्यांत कोरडी पडली असती. सूत्राला लॉकडाऊन कळत नाही, ते ८ टक्क्यांनी वाढतच राहतं.

पण संख्याशास्त्र शिकलेल्या कुणालाही इथे एक गोष्ट खटकेल. सूत्राला लॉकडाऊन जसा कळत नाही, तसं शहरही कळत नाही. शहराची वस्ती दुप्पट झाली काय आणि निम्मी झाली काय, आकडा तोच येतो. बाजार वाढवला, रस्ते सुधारले, नवे उद्योग आले, तरी या ओळीत एक पैसा जास्त पडत नाही. दोन शहरं घ्या. एकाने २०१६-१७ पर्यंत कडक वसुली केली होती, दुसऱ्याची ढिली होती. त्या एका वर्षातला फरक सूत्राने कायमचा गोठवला. दरवर्षी तो फरक रुपयांत मोठाच होत जातो, कारण दोघांनाही टक्के सारखेच.

आणखी एक नुकसान सहसा कुणी मोजत नाही. जकातीच्या पावत्या म्हणजे शहराच्या पोटात काय येतं याची नोंद होती. धान्य किती, कापड किती, लोखंड किती. इतिहासाच्या अभ्यासकाला ही खाण असते. आज नगरमध्ये वर्षाला किती सिमेंट येतं, हे महापालिका स्वतःच्या दप्तरातून सांगू शकत नाही.

मग सभागृहात उरलं काय?

जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला पहिल्या महिन्याच्या भरपाईचा सुमारे ६४७ कोटींचा धनादेश समारंभ करून देण्यात आला होता. कालपर्यंत जो पैसा शहर स्वतः गोळा करत होतं, तो आता मंचावर हातात ठेवला जात होता. मुंबईचं हे, तर नगरची काय कथा!

महापालिका कायद्यानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. पूर्वी करांच्या उत्पन्नात जकातीचं पारडं जड होतं. आता सभेच्या हातात मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी उरली आहे आणि ती वाढवायला कुणी नगरसेवक हात वर करत नाही. का करेल? राज्याचा पैसा येतोच आहे. त्यात पगार, पेन्शन, आणि मुळा धरणातून वसंत टेकडीपर्यंत पाणी चढवण्याचं वीजबिल. उरतं ते केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांचं, आणि तेही बांधून आलेलं. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा होता. २०११ च्या जनगणनेत नगरची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे नगर त्यातच आलं.

पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची नाही, असं मी म्हणत नाही. पण गल्लीतलं वाचनालय, तालमीची दुरुस्ती, पालिकेच्या शाळेचं छप्पर, बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह, या गोष्टींचा पैसा शहराच्या मोकळ्या उत्पन्नातून यायचा असतो. मोकळं उत्पन्न आटलं की सभागृहातली चर्चा 'काय करायचं' यावरून 'कुठल्या योजनेत बसतंय' यावर येते.

त्यात भर म्हणजे सभागृहच नसणं. २०१८ मध्ये निवडून आलेल्या ६८ नगरसेवकांची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्या काळात अंदाजपत्रक मांडणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे एकच अधिकारी. एलबीटी आला तेव्हा आरडाओरड झाली होती, बाजार बंद झाले होते. सभागृह बंद राहिलं म्हणून एकाही दुकानाचं शटर खाली आलं नाही. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. शहराचा खर्च आपल्या खिशातून होत नाही असं एकदा वाटू लागलं, की तो विचारायची सवयही सुटते.

जकात परत यावी, असं माझं म्हणणं नाही. आजोबांनाही ती नकोच होती. पण या वर्षीचं अंदाजपत्रक हाती लागलं तर एक करून बघा. जमेच्या बाजूची दोनच बेरजा करा: शहराने स्वतः गोळा केलेलं किती, आणि वरून आलेलं किती. पहिल्याला एकूण जमेने भागा आणि मागच्या पाच वर्षांसाठी हेच करा. तो आकडा घेऊन आपल्या नगरसेवकाला भेटा आणि विचारा, या मोकळ्या पैशातून आमच्या प्रभागात काय झालं? मीही माझ्या प्रभागात हेच करणार आहे.