पोलाद-ॲल्युमिनियम जोडकाम

पोलाद-ॲल्युमिनियम जोडकाम ही वाहनाच्या सांगाड्यातील पोलादी व ॲल्युमिनियमचे भाग एकमेकांना कायमचे जोडण्याची प्रक्रिया होय. ॲल्युमिनियमची घनता (२.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) पोलादाच्या (सुमारे ७.८) साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे वाहनाचे वजन आणि पर्यायाने इंधनाचा खर्च कमी होतो.

अडचणी

दोन्ही धातू एकत्र वितळवण्याची नेहमीची वेल्डिंगची रीत येथे उपयोगी पडत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियस तापमानाला वितळते, तर लोह १,५३८ अंशांना. शिवाय वितळलेले ॲल्युमिनियम लोहाशी संयोग पावून कठीण, पण ठिसूळ संयुगे तयार करते. त्यांचा थर जाड झाल्यास सांधा आघाताने तडकतो. म्हणून तो काही मायक्रोमीटरपुरताच राखणे हे या तंत्राचे मर्म आहे. सांध्यात पाणी शिरल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम लवकर झिजते.

पद्धती

१९९१ मध्ये ब्रिटनमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत घर्षणाने धातू ढवळून जोडण्याची पद्धत विकसित झाली. तीत वेगाने फिरणाऱ्या हत्याराच्या घर्षणाने धातू न वितळता मऊ होतो व सांधला जातो. माझदा कंपनीने २००५ मध्ये एमएक्स-५ मोटारीच्या डिकीच्या झाकणासाठी, तर होंडा कंपनीने २०१३च्या अकॉर्ड मोटारीच्या पुढील उपचौकटीसाठी या तत्त्वावर पोलाद व ॲल्युमिनियम जोडले. जस्तलेपित पोलादावर केवळ ॲल्युमिनियम वितळवून जोड देणे, तसेच रिव्हेट व चिकटद्रव्य यांचा एकत्रित वापर करणे, हे अन्य मार्ग होत.

जालना जिल्हा व पुनर्वापर

मराठवाड्यातील वाहन कारखाने प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाळूज व शेंद्रा येथे आहेत. शेजारच्या जालना शहरातील पोलाद उद्योग मात्र बांधकामाच्या सळयांसाठी प्रसिद्ध असून तेथील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवले जाते. अशा भट्टीत पोलादाला चिकटलेले ॲल्युमिनियम आले, तर त्याचा बराचसा भाग ऑक्साइड बनून मळीत जातो. मूल्यवान धातू वाया जातो. उलट ॲल्युमिनियमच्या भट्टीत लोह शिरल्यास ते पुन्हा वेगळे काढणे अतिशय कठीण असते व मिश्रधातू ठिसूळ बनतो. त्यामुळे सांधा वापरात मजबूत, परंतु वाहन मोडीत काढताना सुटा करता येण्याजोगा असणे, ही या तंत्राची दुहेरी कसोटी ठरते.