भरतीचे घड्याळ आणि भोंग्याचे घड्याळ



कोकणी माणसाच्या तोंडी 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ आहेत. बोट बंदराला आली म्हणजे ती लागते, आणि पोटात ढवळून प्रवासी आडवा झाला म्हणजेही त्याला बोट लागते. दुसऱ्या अर्थाने बोट हटकून लागे. पहिल्या अर्थाने ती केव्हा लागेल हे मात्र सांगता येत नसे. गिरणगावातल्या म्हाताऱ्या कामगारांकडून ही थट्टा मी पुष्कळदा ऐकली आहे. पण थट्टेच्या तळाशी एक जुने दुखणे आहे. आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

आरमारांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला. जहाजांच्या मालकांची चरित्रेही निघाली. बंदरावर वळकटी टाकून तिच्यावर बसून राहिलेल्या माणसाचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिला नाही. तो का बसून राहिला आणि त्याच्या बसून राहण्याची किंमत कोणी मोजली, एवढे दोनच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

मुंबईहून दक्षिणेस निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पुढे पणजीला जाई. आधी शेफर्ड कंपनी, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि १९०६ च्या सुमारास स्वदेशीच्या लाटेत निघालेली इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनी, ही नावे त्या काळी घरोघरी माहीत होती. या शेवटच्या कंपनीला लोक आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे होती. गिरण्यांत राबणारा कामगार मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातला. त्याच्या गावाला आगगाडी नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण होऊन गाड्या सुरू व्हावयास २६ जानेवारी १९९८ हा दिवस उजाडावा लागला. मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये गाडी १८५३ साली धावली होती. म्हणजे पहिल्या गाडीनंतर जवळजवळ दीडशे वर्षे कोकणी माणूस आधी बोटीच्या आणि पुढे एस. टी.च्या वाटेकडे डोळे लावून होता.

आता बोटीला उशीर का होई ते पाहू. यात समुद्राचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे वेगवेगळे केल्याशिवाय न्याय होणार नाही.

समुद्राचा वाटा मोठा होता, हे प्रथम कबूल केले पाहिजे. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जात. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा असला आणि ओहोटी असली, तर पडावच बाहेर निघत नसे. वारा असला की बोटीला टेकलेला पडाव हातभर वर जाई आणि हातभर खाली येई. बाईमाणसे, पोरे, म्हातारी एकेक करून शिडीवर चढवावी लागत. एका बंदराला तास गेला की पुढच्या सगळ्या बंदरांचा तास गेला. पावसाळ्यात तर दूरच्या बंदरांची वाहतूक बंदच असे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळे आणि लगेच गौरीगणपती येत. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी अशी नेमकी हंगामाच्या तोंडाशी येऊन उभी राही.

याशिवाय भरतीचे स्वतःचे घड्याळ आहे. ते चंद्रावर चालते. आज दुपारी बारा वाजता भरती असेल तर उद्या ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येईल, आणि आठवड्याने त्याच बारा वाजता ओहोटी असेल. आमच्या कोळी बांधवांना हे शिकवावे लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे मुंबईच्या किनाऱ्याला भरतीची वेळ निघते, हा त्यांचा जुना हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास. ज्याच्या घरी पंचांग आहे त्याच्या घरी भरतीचे वेळापत्रक आहे!

हे ज्ञान केवळ कोळ्यांपाशी होते असेही नाही. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची शास्त्रीय नोंद होऊ लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत येत्या वर्षाच्या भरतीओहोटीची कोष्टके छापून निघू लागली. म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजता पाणी किती असेल, हे वर्षभर आधी ठाऊक होते. मग वारावर आणि तासावर बांधलेले वेळापत्रक लावून ते पाळले जाईल अशी आशा दाखवणे, हा दोष समुद्राचा की कागदाचा? समुद्र ठरल्या वेळीच येत होता. वेळा चुकत होत्या त्या कागदावरच्या.

येथून माणसाचा वाटा सुरू होतो. बोटीत माणसे जात तसा मालही जाई. वैशाखात आंब्याच्या पेट्या, करंड्या चढत. माल चढेपर्यंत उतारू थांबे. ज्या बंदरांना धक्का बांधला असता तर तासांची मिनिटे झाली असती, ती बंदरे वर्षानुवर्षे तशीच राहिली. पण या सर्वांहून मोठा दोष असा की, बोट कोठे आहे हे वाळूवर बसलेल्या माणसाला सांगणे आपले काम आहे असे कोणालाच वाटले नाही. उशीर माणूस सोसतो. 'आता येईल, आता येईल' यात त्याची रात्र जाते, ते त्याला सोसवत नाही. सकाळी येणार असे कळले तर तो नातलगाकडे पाठ टेकून येईल. न कळल्यामुळे तो तान्ह्या मुलासह उघड्यावर बसून राहतो.

आता या बसण्याची किंमत पाहू. मुंबईच्या कामगाराला दुसरे घड्याळ होते, गिरणीच्या भोंग्याचे. ते समुद्रासाठी थांबत नसे. त्याला घड्याळाची केवढी धास्ती होती याची एक साक्ष इतिहासात आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक प्रमाणवेळ ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात एका गिरणीच्या हजारो कामगारांनी काम थांबवून या नव्या वेळेचा निषेध केला. ३९ मिनिटे आधी भोंगा म्हणजे ३९ मिनिटे कमी झोप, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. नगरपालिकेनेही जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

अशा शहरात रजेवरून एक दिवस उशिरा परतणे म्हणजे काय? कामावर घेणे न घेणे जॉबरच्या हाती असे. साच्यावर दुसरा बदली कामगार उभा राहिलेला असे. परत घेण्यासाठी जॉबरचा हात ओला करावा लागे. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या दस्तुरीची नोंद केली आहे. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे एक सभासद होते. तेव्हा बोट एक दिवस उशिरा आली तर कंपनीच्या वहीत कोळशाचा खर्च वाढे. कामगाराच्या घरात एक दिवसाचा रोज जाई, वर जॉबरची दस्तुरी जाई, आणि दैव फिरले तर कामच जाई. हा आकडा कोणत्याही वहीत चढला नाही.

उशिराला दाम लावणे कोणाला सुचत नव्हते काय? चांगले सुचत होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील टपाल वाहणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीबरोबर सरकारने जे करार केले, त्यांत टपाल उशिरा पोचल्यास दंडाचे कलम असे. टपालाच्या पिशवीच्या तासांना किंमत होती. दुसरीकडे १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. कामगार जितका वेळ गैरहजर असेल तितक्याच प्रमाणात पगार कापावा, अधिक कापू नये, असे त्याने ठरविले. मनमानी कपातीला त्याने लगाम घातला, हे त्याचे श्रेय. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. कामगाराचा उशीर मोजण्याचे माप होते, पिशवीचा उशीर मोजण्याचे माप होते. डेकवरच्या उतारूचा उशीर मोजण्याचे माप तेवढे कोणी केले नाही. मला इतिहासातून काही दाखवावयाचे असेल तर ते हेच.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केली नाही तर मी आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. वेळेवर सुटणे हा बोटीचा सर्वांत मोठा सद्गुण नव्हे. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढाची अमावास्या तोंडावर होती, सणासाठी माणसे घरी चालली होती, आकाश भरून आले होते. बोट वेळेवर सुटली, आणि काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडून तासाभराच्या आत गेली. सहाशेंहून अधिक माणसे त्या दिवशी बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. शहराला बातमी कळली ती कित्येक तासांनी, वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

'रामदास'वरून जो धडा घ्यावयाचा तो 'थांबा आणि गप्प बसा' हा नव्हे. सारंगाने आकाश पाहून 'आज निघत नाही' म्हटले तर त्याला शिव्या देऊ नयेत, हा अर्धा धडा झाला. उरलेला अर्धा असा की, ज्या अभावामुळे किनाऱ्यावरचा माणूस बोटीची वाट पाहत रात्र काढी, त्याच अभावामुळे बुडत्या बोटीची हाक किनाऱ्याला ऐकू आली नाही. बातमी पोचविण्याची व्यवस्था नसणे, हाच तो अभाव. शांत दिवशी त्याला आपण गैरसोय म्हणतो. वादळाच्या दिवशी तोच जीव घेतो.

काळ बदलला. आगबोटींची ती ओळ गेली. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने, वाहतूक ही सेवा मानली. सेवेत उणीव राहिली तर दाद मागता येते. डेकवरच्या उतारूसाठी माप तयार झाले म्हणावयाचे. फार उशिरा झाले, पण झाले. तथापि माप असणे वेगळे आणि ते कोणी हातात घेऊन दुकानात उभे राहणे वेगळे. एकट्या माणसाची तक्रार ही कुरकुर ठरते. तीच पन्नास जणांनी सही करून दिली की तिला अर्ज म्हणतात. संघटनेच्या कामात मी जे थोडेफार शिकलो त्यात हे पहिले आहे.

तेव्हा मागावयाचे ते नेमके मागावे. भरती लवकर आणा, असे कोणी मागू नये. भरती पाहून वेळापत्रक लावा, असे मागावे. बोट निघणार नसेल तर कारण फळ्यावर लिहा. थांबावे लागेल तेथे सावली आणि पिण्याचे पाणी ठेवा. फेरी रद्द झाली तर पैसे त्याच खिडकीवर परत द्या. यातल्या एकाही गोष्टीला समुद्राची परवानगी लागत नाही.