दोमिंगोस दा गियाची तीन विजेतेपदे

दोमिंगोस दा गिया या ब्राझिली बचावपटूविषयी एक विधान वारंवार भेटते: सलग तीन वर्षे, तीन देशांत विजेता. 1933 साली माँटेव्हिडिओच्या नासिओनालकडून, 1934 साली रिओच्या वास्को द गामाकडून, 1935 साली ब्युनोस आयर्सच्या बोका ज्युनियर्सकडून. विधान एखाद्या बखरीतल्यासारखे रेखीव आहे, म्हणूनच तारखा लावून पाहायला हव्यात.

बोकाची नोंद निर्विवाद. वास्कोची खरी, पण अपुरी. ते विजेतेपद देशाचे नव्हे, रिओचे. आणि तिथेही तेव्हा दोन प्रतिस्पर्धी संघटना होत्या. व्यावसायिकांच्या स्पर्धेत वास्को जिंकला, दुसरीत बोताफोगो.

खरी गुंतागुंत 1933ची. नासिओनाल आणि पेन्यारोल यांच्यातला निर्णायक सामना रंगला तो थेट 27 मे 1934 रोजी. पेन्यारोलचा चेंडू मैदानाबाहेर गेला, उपचारकाच्या पेटीवर आदळून परत आत आला आणि ब्राउलिओ कास्त्रोने तो जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. गदारोळात सामना थांबला. पुढे तो गोल रद्द झाला, उरलेला खेळ ऑगस्टमध्ये झाला, तरी निकाल लागेना. अखेर 18 नोव्हेंबर 1934 रोजी नासिओनालने 3-2 असा विजय मिळवला. तिन्ही गोल हेक्तोर कास्त्रोचे.

दोमिंगोस तोवर वास्कोत गेलेला होता. 1933च्या हंगामातला त्याचा वाटा पक्का. पण विजेतेपद हाती आले तेव्हा तो नासिओनालच्या संघात नव्हता, हे तारखांवरून निघणारे अनुमान मला भक्कम वाटते. म्हणजे तीनपैकी दोन विजेतेपदांचा निकाल 1934 या एकाच वर्षात लागला.

27 मे 1934 या तारखेपाशी मात्र मी थबकलो. त्याच दिवशी जेनोआत ब्राझील विश्वचषकात स्पेनकडून 1-3 असा हरला. ब्राझीलच्या यादीत बचावाला सिल्व्हिओ हॉफमन आणि लुईझ लुझ. दोमिंगोसचे नाव नाही. कारण बहुधा रिओतली तीच फूट: राष्ट्रीय संघ निवडणारा महासंघ हौशी गटाचा, वास्को व्यावसायिकांचा. पण याच वास्कोचा लिओनिदास महासंघाकडे वळला आणि जेनोआत खेळला. तेव्हा केवळ फुटीने सगळा उलगडा होत नाही; खेळाडूच्या स्वतःच्या निर्णयालाही जागा ठेवावी लागते.

विश्वचषकाच्या यादीत दोमिंगोसचे नाव पहिल्यांदा येते ते 5 जून 1938 रोजी, स्ट्रासबर्गमध्ये पोलंडविरुद्ध. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.