जागरण सोसण्याच्या क्षमतेतील जनुकीय फरक

पुरेशी झोप न मिळाल्यास लक्ष, प्रतिक्रियेचा वेग, स्मरण आणि निर्णयशक्ती यांवर होणारा परिणाम सर्व माणसांत सारखा नसतो. एकाच रात्रीच्या जागरणानंतर काही जण जवळजवळ नेहमीप्रमाणे काम करतात, तर काहींचे लक्ष वारंवार तुटते. या तफावतीचा मोठा भाग आनुवंशिक असल्याचे एकविसाव्या शतकातील संशोधनातून दिसून आले आहे. हा विषय निद्रानाशाहून वेगळा आहे. निद्रानाशात संधी असूनही झोप लागत नाही. येथे रात्रपाळी, प्रवास किंवा प्रयोग यांमुळे झोपेची संधीच मिळालेली नसते.

मापन

जागरणाचा परिणाम मोजण्यासाठी सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट (पीव्हीटी) ही चाचणी सर्वाधिक वापरली जाते. पडद्यावर अनियमित अंतराने खूण उमटते आणि ती दिसताच कळ दाबायची असते. सुमारे दहा मिनिटांच्या या कंटाळवाण्या कामात अर्ध्या सेकंदापेक्षा उशिरा आलेला प्रतिसाद 'चूक' धरला जातो. चाचणीत शिकण्यासारखे फारसे काही नसल्याने ती पुन्हापुन्हा घेता येते.

स्थिर वैयक्तिक गुणधर्म

हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ निरोगी प्रौढांना तीन वेगवेगळ्या वेळी प्रत्येकी ३६ तास जागे ठेवले. आधीच्या आठवड्यात झोप कमी मिळालेली असो वा भरपूर, प्रत्येक व्यक्तीचा प्रतिसाद तिन्ही वेळा बराचसा सारखाच राहिला. मोजमापांतील एकूण तफावतीपैकी सुमारे ६८ ते ९२ टक्के भाग व्यक्तिव्यक्तींमधील स्थिर फरकांचा होता. मात्र एका प्रकारच्या चाचणीत टिकणारी व्यक्ती दुसऱ्या प्रकारातही टिकेलच असे नव्हते. त्यामुळे 'जागरण सोसणारा' असा एकच सरसकट प्रकार मानणे योग्य ठरत नाही.

जुळ्यांवरील अभ्यास

स्थिर गुणधर्म जन्मजात असतोच असे नाही. हा प्रश्न २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासाने हाताळला. त्यात जुळ्यांच्या शंभर जोड्यांना ३८ तास जागे ठेवून दर दोन तासांनी पीव्हीटी घेण्यात आली. जवळपास सर्व जनुके समान असणाऱ्या एकबीज जुळ्यांच्या चुकांमधील साम्य द्विबीज जुळ्यांपेक्षा बरेच अधिक आढळले. व्यक्तींमधील निम्म्याहून अधिक तफावत जनुकीय असावी, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

संबंधित जनुके

अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोप दोन प्रक्रियांनी नियंत्रित होते: जागेपणी वाढत जाणारा निद्रादाब आणि दिवस-रात्रीचे जैविक घड्याळ. अभ्यासलेली जनुके बहुधा या दोहोंशी निगडित आहेत.

पीईआर३ हे घड्याळ-जनुक आहे. त्यातील ५४ अक्षरांचा एक तुकडा काहींत चारदा, तर काहींत पाचदा येतो. सरे विद्यापीठातील २००७ च्या अभ्यासात आईवडील दोघांकडूनही लांब रूप मिळालेल्या व्यक्तींची गाढ झोप अधिक होती आणि जागरणात, विशेषतः पहाटे, त्यांची कामगिरी अधिक घसरली. परंतु एक रात्र पूर्ण जागण्याऐवजी सलग पाच रात्री चार-चार तास झोप देऊन केलेल्या २००९ च्या अभ्यासात कामगिरीतील असा फरक आढळला नाही. पूर्ण जागरण आणि अपुरी झोप यांत गल्लत करू नये, ती यासाठी.

निद्रादाबाशी ॲडेनोसिन या रसायनाचा संबंध आहे. चहा-कॉफीतील कॅफिन त्याचेच ग्राहक अडवते. ॲडेनोसिनचे विघटन करणाऱ्या विकराच्या जनुकातील एका रूपभेदामुळे झोप अधिक गाढ होते, पण सतर्कता कमी राहते, असे झ्युरिक येथील संशोधनात आढळले. ॲडेनोसिनच्या ए२ए ग्राहकाच्या जनुकातील रूपभेदांचा कॅफिनविषयीच्या संवेदनशीलतेशी संबंध जोडला गेला आहे.

नैसर्गिक अल्पनिद्रा

२००९ मध्ये यिंग-हुई फू यांच्या गटाने डीईसी२ जनुकातील एक उत्परिवर्तन एका मायलेकींत शोधले. त्या रोज सरासरी सव्वासहा तास झोपत. कुटुंबातील उत्परिवर्तन नसलेल्यांची झोप सुमारे आठ तास होती. याच जनुकातील दुसरा रूपभेद २०१४ मध्ये जुळ्यांपैकी एकात सापडला. तो आपल्या भावंडापेक्षा रोज तासाहून अधिक कमी झोपे आणि जागरणात त्याच्या चुकाही कमी होत.

या निष्कर्षांना प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण ते मोजक्या व्यक्तींवर आधारलेले आहेत. यूके बायोबँकमधील सुमारे १ लाख ९२ हजार व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अल्पनिद्रेशी जोडलेले रूपभेद असणाऱ्यांची झोप इतरांपेक्षा ठळकपणे कमी आढळली नाही.

उपयोग आणि मर्यादा

चालक, वैमानिक किंवा रात्रपाळीचे डॉक्टर यांची निवड जनुकीय चाचणीने करावी इतका भक्कम आधार कोणत्याही एका जनुकाला नाही. प्रत्येकाचा वाटा लहान आहे आणि चाचणीच्या प्रकारानुसार तो बदलतो. स्वतःचा अंदाजही भरवशाचा नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस एक-दोन रात्री सलग जागलेल्यांइतकी खालावली. आपल्याला किती झोप येत आहे याविषयीची त्यांची उत्तरे मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत.