चित्रबिंदूंचा हिशेब

संगणकावर चित्रे काढण्याचा छंद लागला, की दोन-तीन वर्षांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. एकेक चित्र पुरे व्हायला रात्र जाते, तर मग नवा संगणक घ्यावा का? असा छंद असलेला एखादा शिक्षक आपल्या ओळखीत असेल. कदाचित तो आपल्यापैकीच असेल. घरखर्च, मुलांच्या फिया, विम्याचे हप्ते वजा जाता हा खर्च बसवायचा कसा? या कलेचा इतिहास इथे उपयोगी पडतो.

पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे चित्रबिंदूचा, रंग संगणकाला स्मृतीत साठवावा लागतो. ५१२ ओळी, दर ओळीत ५१२ बिंदू आणि दर बिंदूस एक बाइट असा हिशेब केला, तर २,६२,१४४ बाइट लागतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने एवढ्या स्मृतीचे यंत्र विकत घेतले, तेव्हा त्याला सुमारे ८०,००० डॉलर पडले. त्याला 'फ्रेम बफर' म्हणत. एका बाइटमध्ये २५६ रंगच मावतात. म्हणून संस्थापक अलेक्झांडर शूर यांनी प्रत्येकी सुमारे ६०,००० डॉलरला आणखी पाच घेतले. तीन यंत्रे एकत्र जोडून लाल, हिरवा आणि निळा यांना एकेक बाइट दिली, की १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा मिळतात.

२३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'अमिगा' हा घरगुती संगणक जाहीर झाला. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी मंचावर बसून त्यावर चित्र रंगवून दाखवले. पडद्याशिवाय त्याची किंमत होती १,२९५ डॉलर आणि स्मृती २५६ किलोबाइट, म्हणजे तंतोतंत २,६२,१४४ बाइट! जी स्मृती एका संस्थेने ८०,००० डॉलरला घेतली, ती दहा-अकरा वर्षांत साठाव्या हिश्शाहूनही कमी किमतीत, सबंध संगणकासह, घरी येऊ शकत होती.

यातून पहिला धडा मिळतो: थांबण्यालाही मोल आहे. आज न घेतलेले यंत्र उद्या बहुधा स्वस्त मिळते. 'बहुधा' म्हणायचे कारण, २०२० ते २०२२ या काळात चिपांचा तुटवडा आणि आभासी चलनाचा हव्यास यांमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव उलट चढले होते.

आता वेळेचा हिशेब पाहू. बेल लॅबोरेटरीजमधील टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली एक निबंध प्रसिद्ध केला. डोळ्यापासून प्रत्येक चित्रबिंदूतून एक किरण पाठवायचा, तो कशावर आदळतो, कुठे परावर्तित होतो, कुठे वाकतो याचा माग काढायचा आणि त्यावरून बिंदूचा रंग ठरवायचा, अशी ही रीत. चौकटींच्या फरशीवर तरंगणारे दोन चकचकीत गोल, एवढ्या चित्राला त्यांच्या संगणकावर ७४ मिनिटे लागली.

पुढे संगणक वेगवान झाले, मग वाट पाहणे संपले का? १९९५ च्या 'टॉय स्टोरी' चित्रपटात १,१४,२४० चौकटी होत्या आणि त्यांना सुमारे ८ लाख यंत्र-तास लागले. भागाकार केला, तर दर चौकटीला सात तास. २००६ च्या 'कार्स'साठी हजारपट वेगाची संगणक-यंत्रणा होती, असे पिक्सारने सांगितले. तरीही एका चौकटीला सरासरी १७ तास लागले, कारण गाड्यांच्या पत्र्यावरची प्रतिबिंबे आता किरणांचा माग काढून रंगवायची होती. व्हॉयेजर यानांच्या प्रवासाची चलच्चित्रे करणारे जिम ब्लिन यांच्या नावाने एक नियमच सांगितला जातो: तंत्र पुढे गेले, तरी चित्राला लागणारा वेळ तेवढाच राहतो. वाढलेला वेग आपली वाढलेली हौस खाऊन टाकते.

हा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. केवळ वाट पाहायला नको म्हणून कर्ज काढून नवे यंत्र आणले, तर थोड्याच महिन्यांत आपण पुन्हा वाट पाहत बसू आणि हप्ते मात्र चालूच राहतील.

म्हणून आधी तपासावे, की चित्र अडते कुठे. स्मृती अपुरी असेल तर काम पुरे होतच नाही. तेव्हा शक्य असल्यास फक्त स्मृती वाढवावी. वेळ अपुरा असेल तर रात्र आपलीच आहे. १९८६ साली एरिक ग्रॅहम यांनी अमिगावर चेंडू झेलणाऱ्या बाहुल्याचे २४ चौकटींचे चलच्चित्र केले, तेव्हा दर चौकटीला सुमारे एक तास लागत होता. चाचणीचे चित्र लहान ठेवावे. १९२० × १०८० चे चित्र ९६० × ५४० केले, की २०,७३,६०० ऐवजी ५,१८,४०० बिंदू, म्हणजे पाव काम उरते. सॉफ्टवेअरवर खर्च करायलाच हवा असेही नाही: १ लाख युरो लोकवर्गणीतून उभे राहिल्यावर 'ब्लेंडर' २००२ साली सर्वांसाठी खुले झाले.

एवढे करूनही यंत्र बदलावे लागेलच. समजा, पाच वर्षांनी ६०,००० रुपये लागतील. ६० महिन्यांत भागले तर दरमहा १,००० रुपये होतात. ते बाजूला टाकता येत असतील तर छंद आपल्या ऐपतीत आहे. नसतील तर चित्र लहान करावे, कर्ज मोठे करू नये. हा भागाकार सातवीच्या वर्गातही करून घेता येईल.