परकोटाशेजारचा पालापाचोळा

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण या पाच खिडक्या. ही नावं रोज आपल्या तोंडी असतात, पण परकोटाकडे लक्ष मात्र क्वचितच जातं.

एखादी जुनी वास्तू बागेत किंवा वस्तीत सापडली की तिच्या मागचा कोपरा हळूहळू पालापाचोळ्याचा होतो. आधी झाडलेली पानं येतात, मग ओला कचरा येतो आणि शेवटी तिथेच खताचा खड्डा होतो. पानांचं खत व्हायलाच हवं, त्याला माझा विरोध नाही. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीला सतत लागून असलेली ओल सांधे सैल करते. त्या फटींत पिंपळ रुजतो आणि त्याची मुळं दगड बाजूला सारतात. तोफांना न हटणारी भिंत अशी आतून उकलते.

'इको-प्रो' संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 2017 मध्ये याच परकोटावरची झुडपं आणि कचरा काढायला सुरुवात केली. दोनशे दिवसांहून अधिक काळ हे श्रमदान चाललं. पंतप्रधानांनीही त्याच वर्षी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला.

आता आपल्याविषयी. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. वीरशहाची समाधी राणी हिराईने बांधली, महाकालीचं मंदिरही तिचंच. समाधीचा घुमट पाहून नवखा माणूस विचारतो, 'हा कोणाचा दर्गा?' दर्गा नाही म्हटलं की आपल्यातल्या काहींचा रस संपतो. इतर काहींना घुमट दिसला की ती वास्तू परकी वाटते. दोघांनीही पाठ फिरवली की उरतो तो कचरा.

हा प्रदेश असा वाटून घेता येत नाही. 'आईन-ए-अकबरी'त गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. नागपूर वसवणारा देवगडचा बख्त बुलंद गोंड राजा होता आणि मुसलमानही.

आपल्याकडे अमानत म्हणजे दुसऱ्याची सांभाळायला दिलेली वस्तू. ती आपल्या नावाची नसते, म्हणूनच जास्त जपायची असते. हिराईचा घुमट आणि खांडक्या बल्लाळशहाच्या शहराचा परकोट या आपल्याकडच्या अमानती आहेत. खताचा खड्डा जरूर खणू या, पण भिंतीपासून लांब.